समुपदेशकांच्या समितीत एक शिक्षक





गेले वर्षभर महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटली की आम्ही लगबगीने काकतीच्या फाट्यावर जाऊन बेळगावची बस पकडतो. ही गोष्ट गावाच्या नजरेतून सुटलेली नाही. दोन-तीन पालकांनी विचारले, ‘‘सर, तुम्ही मानसोपचारवाल्यांच्या कमिटीवर आहात म्हणे. तिथे मास्तरांचे काय काम?’’ प्रश्न रास्त आहे. त्या समितीत जे ठरते त्याचा आपल्या शाळेतल्या नव्या समुपदेशन कक्षाशी थेट संबंध आहे. म्हणून यंदाच्या वार्तापत्रात याच विषयावर लिहिण्याचे ठरवले.

प्रथम समितीविषयी. बेळगाव परिसरात समुपदेशन आणि मानसोपचार करणाऱ्या मंडळींनी एकत्र येऊन ही समिती केली आहे. ती सरकारी नाही. तिला कायद्याचे अधिकार नाहीत. सभासदांनी कोणते नियम पाळायचे, नव्या माणसाला कोणत्या अटीवर घ्यायचे, एखाद्या सभासदाविरुद्ध तक्रार आली तर चौकशी कशी करायची आणि आपले शिक्षण चालू कसे ठेवायचे, एवढीच तिची कामे. या व्यवसायाच्या बाहेरचा एक तरी माणूस समितीवर हवा असे त्यांच्यातल्या ज्येष्ठांचे मत पडले आणि शाळेचा माणूस म्हणून आम्हाला बोलावणे आले. बैठकीला दहा-बारा जण असतात. चहा होतो आणि मग दोन तास चर्चा होते. या वर्षभरात तिथे एकाही रुग्णाचे नाव आमच्या कानी पडलेले नाही. एखादी अडचण मांडायची असली तर ‘एक चौदा वर्षांची मुलगी’ एवढेच बोलले जाते. गाव, शाळा, आडनाव काही नाही.

या क्षेत्रात कोण कोण असते याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे, तो आधी दूर करू. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा एम.बी.बी.एस. डॉक्टर नसतो, पण चाचण्या घेणे आणि संवादातून उपचार करणे हे त्याचे खास शिक्षण असते. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव असावे लागते. समुपदेशक हा अभ्यास, घर, मैत्री, परीक्षा अशा रोजच्या ताणांबाबत बोलून माणसाला वाट शोधायला मदत करतो. यातला ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र वर्षानुवर्षे कोणीही आपल्या दारावर लावू शकत होता. २०२१ साली आरोग्याशी निगडित व्यवसायांसाठी केंद्राने जो कायदा केला, त्यात समुपदेशनासारख्या कामांची प्रथमच गणना झाली. पण कायदा झाला म्हणजे लगेच प्रत्येक पाटीमागचा माणूस तपासला जातो असे नाही.

समिती हवी कशाला, हेही इथेच कळते. गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर ती रस्त्यावरून दिसते. शिंप्याने बाही आखूड केली तर घालताक्षणी कळते. समुपदेशन बंद दाराआड चालते. आत काय बोलले गेले ते त्या दोघांनाच ठाऊक. बारा वर्षांच्या मुलाला आपल्याला मिळालेला सल्ला बरा की वाईट हे ठरवता येत नाही. वाईट सल्ल्याची खूण अंगावर उमटत नाही, आणि उमटलीच तरी पुष्कळ वर्षांनी. अशा कामात माणूस चांगला आहे, बोलतो गोड, एवढ्यावर भागत नाही. त्याच्या कामाकडे कोणीतरी जाणते माणूस नियमाने पाहत असले पाहिजे.

यंदा समितीत सर्वांत जास्त वाद झाला तो याच मुद्द्यावर. दोन-तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवणारे लोक आता बरेच आहेत. त्यांना सभासद करून घ्यायचे का? एक बाजू म्हणाली, मुळीच नाही. पंधरा दिवसांत कोणी कंपाउंडरसुद्धा होत नाही, मग मुलांच्या मनाला हात कसा लावू द्यायचा? दुसरी बाजू म्हणाली, मोठ्या पदवीची माणसे शहरातच कमी आहेत, ती खेड्यात कधी पोचणार? कडक अट घातली तर खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला काहीच येणार नाही.

आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आपल्या गावाचे चित्र मांडले. काकती महामार्गावर आहे, बेळगाव हाकेच्या अंतरावर आहे. तरीही होनग्याच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या आईला मुलाला घेऊन शहरात जायचे तर एक दिवसाचा पगार जातो. शेतावर भात कापणीला जाणाऱ्या बाईचेही तेच. एकदा कशीबशी ती जाईल, पण दर आठवड्याला जाणार नाही. आणि हे काम एका भेटीत होत नाही असे तुम्हीच सांगता. तेव्हा माणूस गावात यायला हवा. पण कोणताही माणूस चालेल असे मात्र आम्ही म्हणणार नाही, कारण मुले आमच्या स्वाधीन केलेली आहेत.

यावर समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी जी माहिती दिली, ती आम्हाला नवी होती.

पहिले उदाहरण आपल्याच राज्यातले. १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतले साधे डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी यांना मनोविकार ओळखण्याचे आणि त्यावर प्राथमिक उपचार करण्याचे शिक्षण दिले. तज्ज्ञ मंडळी पाठीशी राहिली. त्याच धर्तीवर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

दुसरे उदाहरण चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्याचे. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना थोड्या आठवड्यांचे शिक्षण देऊन समुपदेशक केले. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा हे रुग्ण जास्त सुधारले, असा निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे ऐकून थोड्या शिक्षणाची बाजू घेणारे खूश झाले. पण बाई पुढे म्हणाल्या, खरी मेख पुढेच आहे. त्या समुपदेशकांचे संभाषण ध्वनिमुद्रित केले जाई, सहकारी ते एकत्र बसून ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. वर तज्ज्ञ होतेच. म्हणजे शिक्षण थोडे होते, पण देखरेख थोडी नव्हती.

तिसरे उदाहरण आम्हा शिक्षकांचे डोळे उघडणारे आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक अभ्यास झाला. काही शाळांत मुलांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या, शिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकाने चालवला. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला. उरलेल्या शाळांत हा कार्यक्रमच नव्हता. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांतले वातावरण चांगले सुधारले, दांडगाई आणि उदासपणा कमी झाला. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसा फरक पडला नाही. शिक्षकांनी काम मनापासून केले नाही असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. पण जो माणूस सकाळी गणिताची वही तपासतो, दुपारी गैरहजेरीबद्दल जाब विचारतो, त्याच्यापाशी संध्याकाळी मन मोकळे करणे मुलाला जड जाते, एवढे आम्ही आमच्या अनुभवानेही सांगू शकतो.

महाराष्ट्रातही याच वाटेने गेलेली माणसे आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (१९८६) व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे शिकून समुपदेशक झाली आहेत. त्या केंद्राचा पाया मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी घातला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आय.पी.एच. या संस्थेने डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षण घेतलेले कार्यकर्ते यांना एका छताखाली काम करायला लावले. दोन्ही ठिकाणी पदवी नसलेल्यांना स्थान आहे, पण ते एकटे नाहीत.

शेवटी समितीने ठरवले ते असे. थोडे शिक्षण घेतलेल्यांना ‘सहायक’ म्हणून घ्यावे. त्यांनी ऐकावे, आधार द्यावा, साध्या ताणाबाबत बोलावे. जिवाचा धोका, भ्रम, छळ, व्यसन यांची शंका येताच त्याच दिवशी वरच्या माणसाकडे पाठवावे. दर पंधरवड्याला एखाद्या अनुभवी सभासदासमोर आपल्या कामाचा हिशेब द्यावा. सलग दोन वेळा जो येणार नाही त्याचे नाव यादीतून काढावे. या ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला.

आता आपल्या शाळेकडे येऊ. गेल्या वर्षी एका संस्थेकडून आपल्याकडे प्रस्ताव आला होता की त्यांचे प्रमाणपत्रधारक समुपदेशक शाळेत विनामूल्य येतील. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत, फुकट मिळते तर नको का म्हणायचे, असा सूर होता. आम्ही एकच प्रश्न लिहून पाठवला: यांच्या कामावर देखरेख कोण करते? उत्तर आले नाही, आणि मंडळाने प्रस्ताव बाजूला ठेवला. यंदा समितीच्या यादीतल्या एक सहायक बाई दर बुधवारी आपल्याकडे येतात. त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च मंडळ देते. त्यांच्या पाठीशी बेळगावातले एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत. त्याहून मोठी गरज पडली तर जिल्हा रुग्णालय आहे आणि धारवाडची डिम्हान्स संस्था आहे.

कक्षाची जागा आम्ही मुद्दाम वाचनालयाला लागून दिली आहे. कार्यालयाशेजारी दिली असती तर कोण आत गेले हे सर्वांना कळले असते. वाचनालयाकडे जाणारे मूल पुस्तकाला गेले की बाईंकडे गेले, हे कोणी सांगू शकत नाही. गाव लहान आहे. इथे सकाळी घडलेले संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत पोचते.

गुप्ततेबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. एका सन्माननीय विश्वस्तांनी विचारले, ‘‘पैसे आपण देतो, तर कोणती मुले जातात त्याची यादी दर महिन्याला मिळायला हवी.’’ हिशेब मागण्याचा त्यांचा हक्क आम्हाला मान्य आहे. तेव्हा किती मुले आली, किती भेटी झाल्या, किती जणांना पुढे पाठवले हे आकडे मंडळाला मिळतील. नावे मिळणार नाहीत, आणि ती आम्हालाही मिळत नाहीत. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच दिला आहे. समितीचा नियमही तोच आहे. शिवाय व्यवहाराचा मुद्दा आहे. एक नाव बाहेर पडले की दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत कोणी फिरकणार नाही, आणि मग आपण पगार देऊ तो रिकाम्या खुर्चीचा.

पालकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आईवडिलांनाही काही सांगणार नाही का? सर्वसाधारणपणे मूल काय बोलले ते शब्दशः सांगितले जात नाही. मूल स्वतःच घरी कसे बोलेल यासाठी मदत केली जाते. यालाही तीन अपवाद आहेत आणि ते मुलांना पहिल्या भेटीतच सांगितले जातात. मुलाच्या जिवाला धोका असेल, मुलाकडून दुसऱ्याला धोका असेल, किंवा कोणी मुलाचे शोषण करत असेल, तर गप्प बसता येत नाही. लैंगिक शोषणाबाबत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणे बंधनकारकच आहे. तिथे शाळेची अब्रू, घराण्याची अब्रू यांचा विचार आडवा येऊ देणार नाही, हे मुख्याध्यापक म्हणून आम्ही इथे लिहून ठेवतो.

समितीत आमच्या वाट्याला एक लहानसे काम आले, त्याविषयी सांगतो. पालकांची संमती घेण्याचा जो कागद होता तो इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. आपल्या बऱ्याच पालकांना, विशेषतः आजी-आजोबांना, तो वाचता येणार नाही. मराठी मसुदा करायला आम्ही घेतला. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे ‘परामर्श’ हा शब्द आमच्या चटकन तोंडी येतो. हिंदीत परामर्श केंद्र म्हणजे सल्ला केंद्र. पण मराठीत एखाद्याचा परामर्श घेणे म्हणजे त्याचा समाचार घेणे! ‘तुमच्या मुलाचा परामर्श घेतला जाईल’ असे छापले असते तर पालक काठी घेऊनच आले असते. कन्नडमध्ये समुपदेशनाला ‘आप्त समालोचने’ म्हणतात. त्यातला ‘आप्त’ आम्हाला फार आवडला, कारण मराठीत तो आपल्या माणसाला लावतात. ‘समालोचन’ मात्र आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावरचे. अखेर मसुद्यात सरळ वाक्य घातले: ‘तुमचे मूल एका शिक्षण घेतलेल्या व्यक्तीशी आपल्या अडचणींबद्दल बोलेल.’ मूल कोणत्या भाषेत बोलणार, मराठी, कन्नड की हिंदी, हे विचारणारी ओळही आम्ही घातली. माणूस कामकाज कोणत्याही भाषेत करील, पण दुःख सांगताना घरचीच भाषा तोंडी येते. आता हा मराठी कागद समितीच्या सर्वच सभासदांना दिला जातो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. बुधवारच्या खोलीत जायला ‘काहीतरी मोठे’ घडलेले असावे लागत नाही. झोप येत नाही, अभ्यासात मन लागत नाही, मित्र बोलत नाही, एवढेही पुरे आहे. आणि शाळेत असो वा बाहेर, कोणत्याही समुपदेशकाला हे दोन प्रश्न विचारायला कचरू नका: ‘तुमचे शिक्षण काय झाले आहे?’ आणि ‘तुमच्या कामावर कोण लक्ष ठेवते?’ चांगला समुपदेशक याचा राग मानत नाही. बुधवारपर्यंत थांबणे अवघड वाटले तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते. हा क्रमांक वर्गावर्गांत लावला आहे. पालकांनी तो घरीही लिहून ठेवावा.

शेवटी पालकांना आणि विश्वस्तांना एक विनंती. २०१७ च्या कायद्याने जिल्ह्यांसाठी जी पुनरावलोकन मंडळे सांगितली आहेत, त्यांत न्यायाधीश आणि डॉक्टर यांच्या बरोबरीने दोन जागा स्वतः आजार भोगलेल्यांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा त्यांच्या संस्थांच्या माणसांसाठी ठेवल्या आहेत. म्हणजे हा विषय केवळ तज्ज्ञांचा नाही, हे कायद्यानेही मानले आहे. आमच्या समितीने पुढच्या वर्षी शाळेच्या माणसाबरोबर एक पालक सभासदही घ्यायचे ठरवले आहे. पदवीची अट नाही. महिन्यातून एक शनिवार दुपार द्यावी लागेल, न समजलेले विचारावे लागेल, आणि कानावर पडलेले पोटात ठेवावे लागेल. काकतीतून एखाद्या आईने पुढे यावे अशी आमची इच्छा आहे. बेळगावचे बसभाडे शाळा देईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यालयात न येता थेट आम्हाला भेटावे.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक